शाळा चालू असताना मुलांना सरप्राइज ट्रिपला कसं न्यायचं: आधी शाळेची डायरी उघडा, मग तिकिटाचं बघू

मे महिन्यात आणि दिवाळीत अख्खा महाराष्ट्र एकदमच बॅगा भरून बाहेर पडतो, मग हॉटेलवाला सांगेल तो रेट आणि ट्रेनचं वेटिंग बघूनच घाम फुटतो. म्हणून हल्ली बरेच आईबाप शाळा चालू असतानाच वीकेंडला दोन दिवस जोडून छोटी ट्रिप काढतात आणि मुलांना शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाहीत. आयडिया झकासच आहे. पण होतं काय, आधी हॉटेल बघितलं जातं, मग तिकीट, मग कपडे, आणि शाळेचं काय विचारलं तर "सांगू ताप आलाय म्हणून". माझं मत याच्या बरोब्बर उलटं आहे. सरप्राइज तुमचं असलं तरी बुडणारे दिवस तुमच्या पोराचे असतात, आणि त्या दिवसांत त्याचं काय काय आहे हे आधी बघितलं की बाकीची ट्रिप आपोआप नीट बसते.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरते. ठाणे-डोंबिवलीकडचं घर, चौथीतलं मूल, आणि जायचंय मालवणला. चौथी मुद्दाम घेतलीय, कारण राज्य मंडळाच्या चौथीला इतिहासात शिवाजी महाराजच असतात, आणि सिंधुदुर्ग किल्ला पुस्तकात वाचून महिना झालेला असताना डोळ्यांसमोर उभा राहिला तर त्याची मजा सातवी-आठवीत येत नाही. तुमचं गाव, इयत्ता, ठिकाण वेगळं असेल तरी स्टेप्स याच राहतात.

स्टेप 1: तुमच्या पोराला सरप्राइज झेपतं का ते बघा

हे कुणी बघतच नाही. काही मुलं अशी असतात की पाहुणे न सांगता आले तरी त्यांचा मूड जातो, उद्या काय आहे हे आदल्या रात्री दोनदा विचारून मगच झोपतात, शाळेची बाई बदलली तरी आठवडाभर कुरकुर. अशा मुलाला एकदम "चला, गाडीत बसा" केलं तर ते आनंदाने उड्या मारणार नाही, ते रडणार, आणि मग तुम्ही चिडणार की एवढं केलं आणि याचं हे. ऑटिझम असलेल्या किंवा खूप घाबरट मुलांसाठी तर पूर्ण सरप्राइज करूच नका. त्यांच्यासाठी अर्धं सरप्राइज मस्त चालतं, म्हणजे आठवडाभर आधी सांगायचं की आपण कुठेतरी जाणार आहोत, कधी निघायचं, कधी परत यायचं, कोण कोण आहे हे सगळं सांगायचं, फक्त ठिकाण लपवायचं, आणि रोज एक क्लू द्यायचा. खरं सांगायचं तर मला हा प्रकार पूर्ण सरप्राइजपेक्षाही जास्त आवडतो, कारण वाट बघण्यात जी मजा असते ती पोरांना आठवडाभर मिळते.

वयाचं म्हणाल तर पाच वर्षांच्या आतल्यांना सरप्राइजचं काही पडलेलं नसतं, त्यांच्यासाठी रोजच सरप्राइज. साधारण पहिली ते पाचवी-सहावी हा बेस्ट काळ. आठवीच्या पुढच्याला न विचारता ट्रिप ठरवायची नाही, त्याची मॅच असते, ग्रुपचा प्लॅन असतो, क्लासची टेस्ट असते, आणि तो तोंड पाडून मागच्या सीटवर हेडफोन घालून बसला की तुमचा सगळा उत्साह गेला. दोन भावंडं असतील तर मोठ्याला कटात सामील करून घ्या. त्याला "दादा आहेस म्हणून तुला सांगतोय" म्हटलं की तो प्राण गेला तरी बोलत नाही, शिवाय धाकट्याच्या मनात काय चाललंय याची बातमीही तोच आणून देतो.

स्टेप 2: कॅलेंडर, आणि त्याला इथे भरपूर वेळ द्या

शाळेची डायरी, शाळेच्या ग्रुपवरची पीडीएफ आणि भिंतीवरचं कालनिर्णय, तिन्ही घेऊन बसा. आधी जे दिवस सरळ बाद आहेत ते खोडा. घटक चाचण्या, सहामाही, तोंडी परीक्षा. चौथी-पाचवीत किंवा सातवी-आठवीत स्कॉलरशिपची तयारी चालू असेल तर जानेवारीनंतर विषयच काढू नका, ती परीक्षा साधारण फेब्रुवारीत येते. मार्च तर कुणासाठीच नाही. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीची सुरुवात म्हणजे गॅदरिंग आणि स्पोर्ट्स डे, आणि इथे गंमत अशी की अभ्यास बुडाला तर पोरगं काही बोलणार नाही पण डान्सची प्रॅक्टिस बुडवून तुम्ही त्याला पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत पाठवलंत तर ते तुम्हाला दहावीपर्यंत ऐकवेल.

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला जोडून लाँग वीकेंड दिसतो खरा, पण बऱ्याच शाळांत झेंडावंदनाला हजेरी घेतात, आणि लेझीम पथकात किंवा बँडमध्ये असेल तर त्या दिवशी न जाणं म्हणजे पूर्ण टीमचा घोळ. शिवाय त्या वीकेंडला लोणावळ्यापासून मालवणजवळच्या तारकर्लीपर्यंत सगळीकडे जत्राच असते, म्हणजे ज्या गर्दीला कंटाळून शाळेच्या दिवसांत निघालो तीच गर्दी परत.

आता डायरीत नसलेल्या गोष्टी. बेस्ट फ्रेंडचा वाढदिवस कधी आहे? वर्गाची सहल कधी आहे? त्या आठवड्यात याची वर्गात काही पाळी आहे का, प्रार्थनेला स्टेजवर उभं राहायची, सुविचार सांगायची, मॉनिटरची? पीटीचा किंवा कॉम्प्युटरचा तास कुठल्या वारी असतो? हे कुठेच लिहिलेलं नसतं, आठ-दहा दिवस जेवताना सहज गप्पा मारत काढून घ्यायचं. आपल्याला या फालतू गोष्टी वाटतात पण तिसरी-चौथीतल्या मुलासाठी आठवड्याची सगळी वाट त्या एका पीटीच्या तासाची असते.

एवढं सगळं खोडल्यावर जे उरतं ते साधारण असं असतं: दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावरचे दोन-तीन आठवडे सोडून, गॅदरिंगची धामधूम सुरू व्हायच्या आतला आठवडा, म्हणजे नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात. दुसरी खिडकी गॅदरिंग उरकल्यावर जानेवारीत. (मालवणला मासे खायलाच जाणार असाल तर एक डोळा मार्गशीर्षावर ठेवा. घरात गुरुवार पाळत असतील तर ट्रिपमध्ये गुरुवार येऊ देऊ नका, नाहीतर समोर सुरमई तळली जात असताना आजी सगळ्यांना बटाट्याची भाजी खायला लावेल.)

मग दिवस मोजा, आणि प्रामाणिकपणे मोजा. शुक्रवारी रात्री निघालो, शनिवार-रविवार-सोमवार तिथे, सोमवारी रात्रीच्या गाडीने परत. लोक म्हणतात एकच दिवस बुडाला. नाही हो, दोन, कारण मंगळवारी पहाटे ठाण्याला उतरलेल्या मुलाला त्याच सकाळी शाळेत पाठवणं हा छळ आहे. शनिवारी शाळा असेल तर तीन. पहिली ते पाचवीला शाळेने वर्षाला किमान 200 दिवस भरवावे आणि सहावी ते आठवीला 220, असं शिक्षण हक्क कायद्यात आहे, त्यात दोन-तीन दिवस म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. दहावी-बारावीला मात्र 75 टक्के हजेरीची अट असते आणि तिथे सरप्राइजबिरप्राइज विसरा.

स्टेप 3: क्लास टीचरना खरं सांगा

"ताप आहे" हे सांगायला सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात वाईटही. एक तर बुधवारी बाई मुलाला प्रेमाने विचारतात "आता बरं वाटतंय का रे", आणि ते पोरगं, चेहरा उन्हाने रापलेला, चपापून उभं. तुमचं खोटं त्याच्या गळ्यात. दुसरं म्हणजे तुमचं स्टेटस. मॅडमचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे म्हणजे तुमचाही त्यांच्याकडे आहे, आणि तारकर्लीच्या बीचवरचा फोटो त्यांनाही दिसतो.

साधा मेसेज टाका, नाहीतर डायरीत लिहा, पण डायरी मुलगा वाचतो म्हणून या केसमध्ये मेसेज किंवा फोनच बरा. असा काहीतरी:

"नमस्कार मॅडम, मी अमुकची आई, चौथी ब. आम्ही येत्या सोमवारी आणि मंगळवारी बाहेरगावी जात आहोत, त्यामुळे तो शाळेत येणार नाही, बुधवारपासून येईल. या दोन दिवसांत काही चाचणी, वही तपासणी किंवा प्रोजेक्ट जमा करायचं असेल तर प्लीज आधी कळवा, आम्ही करून घेऊ. एक विनंती, आम्ही कुठे जाणार हे त्याला अजून माहीत नाही, त्यामुळे वर्गात त्याच्यासमोर विषय काढू नका."

चार-पाच दिवस आधी पाठवा. महिनाभर आधी पाठवलात तर मॅडम विसरतील आणि आदल्या रात्री पाठवलात तर त्यांनाही राग येणं साहजिक आहे. बहुतेक शिक्षक अशा मेसेजला छानच उत्तर देतात. काही शाळा लेखी अर्ज मागतात, मागितला तर द्या, त्यात वाद घालू नका. उत्तरात "सोमवारी गणिताची चाचणी आहे" असं आलं तर तारीख बदला, म्हणूनच हे तिकीट काढायच्या आधी एकदा मोघम विचारून ठेवलेलं चांगलं.

परदेशात असाल तर हा सगळा भाग वेगळा आहे. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतल्या मुलाला परवानगीशिवाय टर्ममध्ये फिरायला नेलं आणि शाळेचे पाच दिवस बुडाले तर दंडाचा विचार होतो, ऑगस्ट 2024 पासून तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पाउंड आहे, 21 दिवसांत भरला नाही तर 160. म्हणजे आई, बाबा आणि दोन मुलं असतील तर 320 पाउंडपासून सुरुवात, तेवढ्यात तिकडे हाफ-टर्मच्या (टर्मच्या मधल्या) सुट्टीत एखादी छोटी ट्रिप झाली असती. अमेरिकेत राज्याप्रमाणे आणि शाळेप्रमाणे नियम बदलतात, हँडबुक वाचा.

स्टेप 4: तिकडे तेव्हा काय चालू आहे, काय बंद आहे

सरप्राइज ट्रिपमध्ये मूल तुम्हाला प्लॅनिंगमध्ये मदत करत नाही, त्यामुळे तिथे जाऊन "अरेरे बंद आहे" झालं की सगळी जबाबदारी तुमची. पावसाळ्यात मालवणच्या किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तेव्हा ऑगस्टची चाचणी संपल्यावर समुद्राचा प्लॅन करू नका, त्यापेक्षा डोंगर बघा. ताडोबाला जाणार असाल तर मंगळवारी पार्क बंद असतं आणि पावसाळ्यात कोअर झोनही बंद, आणि आपल्यासारखे सोमवार-मंगळवार जोडून जाणारेच त्यात नेमके फसतात.

मालवणसाठी अजून एक सांगते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. ती जाहीर झाली रे झाली की कोकणच्या गाड्या आणि मालवणातल्या खोल्या फुल. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ते दिवस सोडा.

पोराला स्कुबा करायचंय म्हणून जाताय? आधी ऑपरेटरला फोन करून वय सांगा. डायव्हिंगचे ज्युनियर कोर्स 10 व्या वर्षापासून सुरू होतात, चौथीतलं मूल नऊचं असतं, दारात जाऊन नाही म्हटलं की त्याचं तोंड बघवत नाही. आणि स्कुबा करून गोव्यातल्या मोपाहून विमानाने परतायचं असेल तर डायव्हिंगनंतर निदान 12 तास तरी विमानात बसायचं नाही, म्हणून ते पहिल्या दिवशी उरकून घ्या.

स्टेप 5: तिकीट

रेल्वेचं रिझर्व्हेशन 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे कॅलेंडरचं काम त्याच्याही आधी संपलेलं हवं. ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी सकाळी 8 ला लॉगिन करून बसा, कोकणच्या गाड्यांना दुपारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. तत्काळवर सरप्राइज ट्रिप लावू नका, तुमचीच धडधड वाढेल.

कोकणकन्या या प्लॅनला सगळ्यात सोयीची, रात्री ठाण्याला बसा, सकाळी कुडाळला उतरा, तिथून मालवण तासाभराचा रस्ता. तुतारी घेतलीत तर तारीख नीट बघा, ती दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. यात भलेभले लोक गंडतात. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरावं लागतं. दिवसाच जायचं असेल तर जनशताब्दीला विस्टाडोमचा डबा आहे, मोठाल्या काचा, वर पण काच, आणि रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो तेव्हा पोरांची जी आरडाओरड चालते ती ऐकण्यासारखी असते. पण मग शुक्रवारही बुडतो.

मुलाचं वय 5 ते 11 असेल तर बर्थ नको म्हटल्यावर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासाला पूर्णच काढा, पैसे वाचवायला चौथीतल्या मुलाला आपल्या कुशीत कोंबलं की दोघांचीही झोप जाते.

गाडीने जाणार असाल तर घाट लक्षात ठेवा. पुण्याकडून येणाऱ्यांना फोंडा, करूळ नाहीतर आंबोली, कुठलातरी घाट लागतोच, आणि ज्या मुलाला गाडी लागते त्याला आपण कुठे जातोय हेच माहीत नसेल तर ते वर आणि घाबरतं. घाटाच्या आधी भरपेट खायला देऊ नका, आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ ठेवा, खिडकी थोडी उघडी, मोबाईल बंद. गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून.

स्टेप 6: बातमी फुटू नये म्हणून

बातमी फुटते ती नव्वद टक्के वेळा मोबाईलमुळे, उरलेली आजीमुळे.

मोबाईलपासून सुरू करू. तिकीट कन्फर्मचा एसएमएस लॉक स्क्रीनवर झळकतो, आणि त्याच वेळी तो फोन गेम खेळायला पोराच्या हातात असतो. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवायची सेटिंग असते, ती चालू करा. हॉटेल्सचे व्हिडिओ घरच्या टीव्हीवरच्या यूट्यूबवर बघू नका, दुसऱ्या दिवशी कार्टून लावायला गेलं की वरच "मालवणमध्ये बघण्यासारखी ठिकाणं" अशी ओळ लागलेली असते. मॅपमधल्या जुन्या सर्चमध्येही नाव येतं. शाळेसाठी दिलेल्या टॅबवर तुमचंच ईमेल लॉगिन असेल तर बुकिंगचे मेल तिथेही येतात, ते आधी काढा.

आणि कारचं ब्लूटूथ! संध्याकाळी क्लासहून पोराला घेऊन येताय, होमस्टेच्या मावशींचा फोन, आपोआप स्पीकरवर, "ताई, शनिवारी मालवणात किती वाजेपर्यंत पोचाल, नाश्त्याला घावणे करू ना?" झालं. त्या नंबरला "गॅस एजन्सी" असं नाव देऊन सेव्ह करा आणि त्यांना पहिल्याच फोनमध्ये सांगून टाका की शक्यतो मेसेजच करा. कोकणातली माणसं या कटात फार हौसेने सामील होतात.

आजीला सगळ्यात शेवटी सांगा. तिला वाईट वाटेल, वाटू दे, पण नातवाने "आजी, आई काय लपवतेय गं" म्हणून गळ्यात हात टाकले की ती पाच मिनिटं टिकत नाही. आजी स्वतः ट्रिपला येणार असेल तर अर्थात आधी सांगावं लागेल, तिच्या गोळ्या, गुडघे, लोअर बर्थ सगळं बघायचं असतं, मग तिला एक ठरलेलं वाक्य शिकवून ठेवा. व्हॅनवाल्या काकांना आदल्या दिवशी संध्याकाळी सांगा, कारण त्यांना महिनाभर आधी सांगितलं तर ते व्हॅनमध्ये सगळ्या मुलांसमोर विचारतात "काय मग, कुठे चाललास?". तबल्याचा क्लास, स्विमिंग, दूधवाला, कामवाल्या ताई, यांनाही निघायच्या दिवशीच.

खोटं बोलावंच लागतं, पण कंटाळवाणं खोटं बोला. "शनिवारी डेंटिस्टकडे जायचंय" असं सांगितलं तर पोरगं आठ दिवस भीतीने दात लपवत फिरेल. "शनिवारी डोंबिवलीतच काकांकडे जायचंय, पत्रिका द्यायला आणि मग अजून दोन-तीन घरी" असं सांगा. लग्नसराईत कुणालाही पटतं आणि कुठल्याही मुलाला त्याबद्दल जास्त प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत.

स्टेप 7: बॅग

माळ्यावरची मोठी बॅग खाली आली की संपलं, मुलांना तो आवाजसुद्धा ओळखू येतो. ती पोरगं शाळेत असताना काढा आणि शेजारी ठेवा, किंवा बाबाच्या ऑफिसची सॅक वापरा. मुलाचे कपडे एकदम काढले तर कपाट रिकामं दिसतं, म्हणून धुवून आलेल्यातून एक-एक जोड बाजूला टाकत जा, विचारलं तर "इस्त्रीला दिलेत". त्याचं झोपताना लागणारं पांघरूण किंवा तो फाटका ससा शेवटच्या क्षणी घ्यायचाय, हे कुठेतरी लिहून ठेवा, कारण ते राहिलं तर तारकर्लीच्या रात्री कुणीच झोपत नाही.

बाकी लिस्ट तुम्हाला माहीत आहे. मुलाचं आधार, नेहमीचं तापाचं औषध, समुद्रासाठी जुने कपडे दोन जोड जास्त, टोपी. ट्रेनसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि लोणचं, पण पुऱ्या शुक्रवारी दुपारीच तळा, संध्याकाळी तळायला घेतल्या तर हुशार पोरगं वासावरूनच विचारतं कुठे जायचंय.

स्टेप 8: सांगायचं कधी आणि कसं

शाळेतून मधल्या सुट्टीत उचलून आणायचं, शिपाई वर्गात चिठ्ठी घेऊन जाणार, हे रीलमध्ये बघायला बरं वाटतं. खऱ्या आयुष्यात वर्गाच्या दारात शिपाई आला आणि "तुला घरून न्यायला आलेत" म्हटलं की मुलाच्या मनात पहिलं येतं की आजीला काही झालं का. ते करू नका. पहाटे चारला झोपेतून उठवून सांगण्यातही राम नाही, त्याला काही कळतच नाही आणि तुम्ही फोन धरून उभे, "अरे हस ना".

बेस्ट वेळ शुक्रवारी संध्याकाळची. शाळा झाली, होमवर्क झालं (हे महत्त्वाचं, सोमवार-मंगळवारचं जेवढं आधी मिळालं तेवढं याच आठवड्यात थोडं थोडं करून घेतलेलं असावं), खाणं झालं. मग चौथीच्या पुस्तकात सिंधुदुर्गाचा उल्लेख असलेल्या पानात तिकिटाची प्रिंट घडी घालून ठेवा आणि म्हणा, "अरे, त्या आरमाराच्या धड्यातलं एक उत्तर राहिलंय बहुतेक, बघ जरा." ते कुरकुरत दप्तर उघडणार, पान काढणार, कागद उलगडणार, त्यावर स्वतःचं नाव वाचणार, वयापुढे 9 लिहिलेलं, मग "कुडाळ म्हणजे काय?" विचारणार. पुढचं तुम्ही सांभाळाल. लहान असेल, वाचता येत नसेल, तर डब्यात चिठ्ठीच्या जागी एखादा शंख ठेवला तरी चालतो.

रेकॉर्डिंग करायचंच असेल तर फोन कुठेतरी टेकवून ठेवा, हातात धरून तोंडासमोर नको. आणि रिअॅक्शन आपल्या मनासारखी येईलच असं नाही. काही मुलं गप्प होतात. काही पहिलंच वाक्य बोलतात, "पण मग सोमवारी माझं हजेरीचं काय?" काही जण रडतात. त्यात चुकीचं काही नाही, दहा मिनिटं द्या, मॅडमना सांगितलंय, डायरीत बघितलंय, तुझा पीटीचा तास गुरुवारी आहे तो बुडत नाही, हे एकेक करून सांगा. बघा कसा चेहरा सुटत जातो. दुसऱ्या स्टेपमध्ये जेवढी मेहनत घेतलीत ती सगळी इथे कामाला येते.

स्टेप 9: तिथे गेल्यावर

यावर फार लिहीत नाही, एकच सल्ला, प्रोग्रॅम ठासून भरू नका. पहिली सकाळ किल्ला, उन्हाच्या आत. मालवणच्या जेट्टीवरून होडीने कुरटे बेटावर जायचं. जाताना मुलाला सांगा की दरवाजा शोध बघू, कारण तो असा वळवून बांधलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसता तटच दिसत राहतो. 25 नोव्हेंबर 1664 ला बांधकाम सुरू झालं, पायाच्या दगडात शिसं ओतलंय, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा तिथे दाखवतात, आपल्या हाताशी तो मापून बघायचा मोह प्रत्येक पोराला होतो. बाकी वेळ बीचवर सोडून द्या. जेवणात मुलाला तिखट चालत नसेल तर आधीच सांगा, मालवणी माणसाचं "कमी तिखट" आणि आपलं "कमी तिखट" यात बराच फरक आहे.

स्टेप 10: परत आल्यावर

मंगळवारी दुपारी झोप झाली की वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर वहीच्या पानांचे फोटो मागवा. सगळ्यांकडे मागू नका, एका नेमक्या आईला पर्सनल मेसेज करा, जिच्या मुलीचं अक्षर नीट असतं ती कोण हे तुम्हाला माहीत असतंच. मराठी आणि परिसर अभ्यासाचं लिखाण उतरवून घेतलं नाही तरी एक वेळ चालेल, वाचून समजावून दिलं तरी झालं, पण गणितात नवीन काही सुरू झालं असेल, उदाहरणार्थ अपूर्णांक, तर ते त्याच दिवशी घरी एकदा करून घ्या, तिथे एक दिवस मागे पडला की पुढचा आठवडा बोंबलतो.

फोटो स्टेटसला टाकायचे असतील तर आल्यावर टाका, घर कुलूपबंद असताना नको. वर्गातल्या जवळच्या दोघा-तिघांसाठी मालवणी खाजा आणला असेल तर तो मधल्या सुट्टीत वाटायला सांगा, शाळेत खाऊ वाटायची परवानगी नसेल तर व्हॅनमध्ये. आणि व्हॅनवाल्या काकांसाठी एक पाकीट वेगळं बांधून ठेवा, सोमवार-मंगळवार येणार नाही हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.